न दिसणारे तेल

गेल्या पेसाहच्या आधीची गोष्ट. घरात झाडलोट, धुणीभांडी आणि हामेत्झचा शोध जोरात चालू होता. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या पुरुषाने कोणाच्या पायांत न येता एका खुर्चीत बसावे हे शहाणपण आम्हांला एव्हाना आले आहे. तेवढ्यात आमची अकरा वर्षांची नात माळ्यावरून एक जुने पितळी पातेले घेऊन आली आणि आमच्या मांडीवर ठेवून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, हे आतून असं काळं का?"

"कल्हई उडाली आहे, बाळ."

"कल्हई म्हणजे काय?"

त्याचे उत्तर देईपर्यंत दुसरा प्रश्न आला. "आणि तुम्ही फॅक्टरीत काय करत होतात? ईमा म्हणते, तुम्ही तेल शोधत होतात. तेल तर दुकानात मिळतं!"

आम्ही हसलो. पण पुढे चार दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. आयुष्याची पस्तीस वर्षे आम्ही ज्या कामात घालवली ते काम आमच्या घरातल्यांनाही नीट ठाऊक नाही, मग वाचकांना कोठून असणार? म्हणून हा लेखप्रपंच. त्यात थोडे शास्त्र आहे आणि दोन कबुल्या आहेत. दुसरी कबुली आजवर आम्ही घरीही दिली नव्हती.

सुरुवात आजोबांपासून करावी लागेल. आमचे आजोबा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात तेथले. घरचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, बैलाला विश्रांती, म्हणून गाव आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत असे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. आजोबांनी जन्मभर तेल काढले. वडील मुंबईला गिरणीत लागले आणि यंत्रांना तेल घालू लागले. आणि आम्ही, रसायनशास्त्राची पदवी घेऊन १९७२ साली या देशात आलो, उल्पानमध्ये सहा महिने जीभ वळवली, आणि नेगेवमधल्या एका कारखान्यात नोकरीला लागलो. तेथे धातूच्या पत्र्यांवर तेल राहिले आहे का ते शोधणे हे आमचे काम! तीन पिढ्यांत घाणा असा फिरला.

या कामाचा पहिला धडा मात्र आम्हांला कॉलेजात नव्हे, चाळीच्या अंगणात मिळाला. कल्हईवाला यायचा, खड्डा करून भाता लावायचा. पण भट्टी पेटवण्याआधी तो भांडे राखेने, वाळूने घासून घ्यायचा. मोठे पातेले असेल तर त्यात वाळू टाकून आत उभा राहायचा आणि कमरेतून गर्रकन इकडे, गर्रकन तिकडे वळून पायांनीच घासायचा. आम्हां मुलांना ती मोठी गंमत. मग भांडे तापवून नवसागराची पूड, कथलाची कांडी आणि कापसाचा बोळा. पांढरा धूर निघायचा आणि क्षणात काळे पातेले चांदीसारखे व्हायचे. आई एकदा म्हणाली, "एवढं घासता कशाला? नवसागर आहेच की." तो म्हणाला, "बाई, जिथं तेलकट राहील तिथं कथील धरायचं नाही. आज चकाकेल, उद्या पोपडा निघेल."

आमच्या सगळ्या शास्त्राचे सार या दोन वाक्यांत आहे. रंग असो, मुलामा असो, दोन पत्रे चिकटवण्याचा डिंक असो. तो धातूला धरायचा तर मध्ये दुसरे काही असता कामा नये. आणि तेल हे अवघड जातीचे दूषण आहे, कारण ते दिसत नाही. एक चौरस मीटर पत्र्यावर एक हजारांश मिलिमीटर जाडीचा तेलाचा थर असेल तर त्या तेलाचे वजन भरते सुमारे ०.९ ग्रॅम. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा थर डोळ्याला बहुधा दिसणार नाही, बोटाला कळणार नाही, पण रंगाला किंवा डिंकाला तेवढाही नडू शकतो.

कारखान्यात याची एक सोपी परीक्षा होती. पत्रा धुऊन झाला की उभा धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडायचे. पत्रा निर्मळ असेल तर पाण्याची चादर न तुटता अखंड राहते. तेल असेल तेथे चादर फाटते आणि थेंब जमतात. ही परीक्षा घरीही करून पाहता येते. मात्र तिच्यात एक खोट आहे. साबणाचा अंश राहिला असेल तर पाणी उलट अधिकच छान पसरते आणि माणूस फसतो. शिवाय थेंब जमले तर ते तेल कसले, आले कोठून, हे पाणी सांगत नाही.

१९८३ साली आमच्यावर हाच प्रसंग आला.

विजेच्या पेट्यांची झाकणे रंगवण्याचे काम चालू होते. पत्रे क्षाराच्या गरम हौदातून काढायचे, धुवायचे, पाण्याची परीक्षा घ्यायची, मग दाबाच्या हवेने फुंकून कोरडे करायचे आणि रंगाकडे पाठवायचे. एका आठवड्यात भट्टीतून निघालेल्या झाकणांवर देवीच्या वणांसारखे खड्डे दिसू लागले. सगळ्या झाकणांवर नव्हे. फुंकण्याच्या चार जागा होत्या, त्यांपैकी भिंतीकडच्या शेवटच्या जागेवरून येणाऱ्या झाकणांवरच.

त्या जागेवर आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एक मावशी काम करीत. नात्याने नव्हे, पण डिमोनात आपल्या सगळ्यांच्याच त्या मावशी होत्या. पन्नाशीच्या, कामाला चोख, केसांना रोज खोबरेल लावून घट्ट अंबाडा घालणाऱ्या. मुकादमाने हिशेब केला: वण फक्त हिच्या झाकणांवर, तेल फक्त हिच्या डोक्याला. गुरुवारी दुपारी त्याने सर्वांदेखत सांगितले की रविवारपासून त्यांनी जेवणघरात भांडी धुण्याला जावे. "हिंदुस्थानचे तेल हिंदुस्थानात ठेवून यायचे होते," असेही तो म्हणाला. दोघे-तिघे हसले.

तो माणूस दुष्ट नव्हता. त्याचा तर्क वरवर पाहता बरोबरही होता. पण मावशींचा चेहरा आम्ही पाहिला. वाचकांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल, १९६२ साली आपल्या समाजाच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांच्या शुद्धतेची चौकशी करण्याचा नियम निघाला होता, १९६४ साली त्याविरुद्ध निदर्शने झाली आणि त्याच वर्षी क्नेसेटने ठराव करून आपण सर्वार्थाने यहुदी आहोत असे जाहीर केले. आम्ही त्यानंतर आलो. पण मावशी त्या दिवसांत येथे होत्या. आपल्यात काही भेसळ आहे का, हे दुसऱ्याने तपासायचे, हा अनुभव त्यांना नवा नव्हता.

आमच्या प्रयोगशाळेत रंगातील राळ तपासण्यासाठी एक अवरक्त वर्णपटमापक होता. तेच आमचे शस्त्र. ते काय करते हे आता सांगावयास हवे.

१८०० साली विल्यम हर्शेल याने इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाश पाडून त्यातील रंगांवर तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तेथे पारा अधिक चढला. तेच अवरक्त किरण, इन्फ्रारेड. चुलीसमोर बसले की जी आच लागते ती बव्हंशी याच किरणांची. पुढे १९०५ साली अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ याने अनेक पदार्थांतून हे किरण पाठवून त्यांचे पट प्रसिद्ध केले, आणि दिसून आले की रेणूंतील अणूंची प्रत्येक जुळणी आपापल्या ठराविक ठिकाणीच किरण शोषून घेते.

असे समजा की रेणूतील दोन अणू म्हणजे स्प्रिंगने जोडलेल्या दोन गोळ्या. त्या सारख्या थरथरतात. कार्बनला हायड्रोजन जोडलेला असेल तर थरथर एका गतीची, कार्बनला प्राणवायू दुहेरी जोडलेला असेल तर दुसऱ्या गतीची. ज्या किरणाची गती या थरथरीशी जुळते तो किरण गिळला जातो. एका सेंटिमीटरात किती लहरी मावतात या संख्येने आम्ही या जागा मोजतो. आमचा पट्टा साधारण ४,००० पासून ४०० पर्यंतचा. यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढत जाते आणि जेथे किरण गिळला गेला तेथे रेघ खाली कोसळते. रेघेतील या दऱ्या म्हणजे त्या पदार्थाच्या अंगठ्याचा ठसा.

आता तेलाकडे वळू. कोणतेही तेल घ्या, यंत्राचे असो वा स्वयंपाकाचे, त्यात कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या असतात. म्हणून २,९२५ आणि २,८५५ च्या आसपास दोन खोल दऱ्या दिसणारच. तेल आहे हे त्यांवरून कळते. पण घाण्यातून निघणारे तेल, तूप, चरबी, आणि खोबरेलही, यांत त्या साखळ्या प्राणवायूच्या एका गाठीने बांधलेल्या असतात, आणि ती गाठ १,७४५ च्या आसपास एक धारदार दरी पाडते. जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलात ती गाठ नसते. तेथे रेघ सरळ जाते. आणि सिलिकोन असेल तर १,२६० ला सुईसारखी दरी आणि १,१०० ते १,००० मध्ये रुंद खड्डा.

म्हणजे मावशींचा न्याय १,७४५ या आकड्यावर येऊन ठेपला होता.

पण शास्त्राला साक्षीदार लागतात. संशयित तेलाचा नमुनाही हवा. गुरुवारी चारच्या सुमारास आम्ही मावशींकडे गेलो आणि म्हणालो, "मावशी, तुमचं थोडं खोबरेल द्याल का?"

त्यांनी आमच्याकडे पाहिले. "तूपण का रे?" एवढेच म्हणाल्या. पिशवीतून छोटी बाटली काढली, आमच्या हातात ठेवली आणि पाठ फिरवून हातमोजे काढू लागल्या.

येथे आमची पहिली कबुली. "नाही मावशी, माझा तुमच्यावर विश्वास आहे" असे आम्ही तेव्हा म्हणू शकलो असतो. म्हटले नाही. कारण खरे सांगायचे तर आम्हांलाही खात्री नव्हती. वर्णपट पाहिल्याशिवाय मत द्यायचे नाही या शिस्तीच्या आड आम्ही लपलो.

सगळे घरी गेल्यावर आम्ही तीन पत्रे घेतले. पहिला, हौदातून निघून पाण्याच्या परीक्षेत उतरलेला, हवा न मारलेला. दुसरा, मावशींनी त्या दुपारी फुंकलेला. तिसरा, पहिल्यासारखाच स्वच्छ, पण त्याच शेवटच्या नळीने आम्ही स्वतः नवे हातमोजे घालून फुंकलेला. प्रत्येक पत्रा कार्बन टेट्राक्लोराइडने धुतला. हे द्रावक वापरायचे कारण त्यात हायड्रोजन नसतो, त्यामुळे तेलाच्या दऱ्यांत त्याची लुडबूड होत नाही. मात्र ते यकृताला विषारी, म्हणून धूर ओढणाऱ्या पंख्याखाली काम करावे लागे. धुवण आटवून उरलेला अंश मिठाच्या वडीवर घेतला. होय, मिठाच्याच! काच यांतील बहुतेक किरण अडवते, पण साध्या मिठाचा घासून पारदर्शक केलेला स्फटिक ते जाऊ देतो. त्याच्यावर जोराने श्वास सोडला तरी तो धुरकटतो, त्यामुळे माणसाने तोंड मिटून काम करावे हे उत्तम.

एकेका नमुन्याला दहा-पंधरा मिनिटे लागत. पहिला पत्रा: रेघ जवळजवळ सपाट. म्हणजे धुलाई उत्तम होती. दुसरा, मावशींचा: २,९२५ ला खोल दरी. आमच्या पोटात गोळा आला. लेखणी पुढे सरकत होती, दोन हजार, एकोणीसशे, अठराशे. १,७४५ आले आणि गेले. रेघ हललीसुद्धा नाही. पुढे १,४६० आणि १,३७७ च्या नेहमीच्या दऱ्या, बस्स. मग तिसरा, आमच्या हातचा: हुबेहूब दुसऱ्यासारखाच. शेवटी मावशींचे खोबरेल: १,७४५ ला अशी दरी की लेखणी तळाला टेकली.

तेल मावशींचे नव्हते. हातांचेही नव्हते. ते हवेतून येत होते. धुतलेल्या पत्र्यावर आम्ही पाण्याची परीक्षा हवा मारण्याआधी घेत होतो आणि नंतर स्वतःच त्यावर तेल फवारत होतो.

शुक्रवारी सकाळी मुकादमापुढे कागद ठेवले. त्याने एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. बोलला काही नाही. उठला, भिंतीकडच्या हवेच्या नळाचा तळचा तोटी-खटका उघडला. दुधासारखे पांढरे, तेलकट पाणी भळभळ निघाले. दाबयंत्राचा तेल अडवणारा भाग झिजला होता, आणि नळाचे शेवटचे टोक सगळ्यांत खाली असल्यामुळे तेल तेथेच साचत होते. ज्या जागेवर मावशी उभ्या होत्या त्याच जागेवर. दाबयंत्रातले तेल तपासले, तोच ठसा.

रविवारी मावशी आपल्या जागेवर होत्या, केसांना तेल लावून, अंबाडा घालून. त्यांची माफी कोणी मागितली नाही. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना कागद दाखवला, ही दरी, ही रेघ. त्यांनी शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, कागदानं सांगितलं. मी गुरुवारी हेच सांगत होते, ते कुणाला ऐकू आलं नाही."

आम्ही गप्प राहिलो. "कुणाला" मध्ये आम्हीही होतो.

पुढे शास्त्र झपाट्याने बदलले. जुने यंत्र एकेक किरण पाळीपाळीने तपासत असे. नव्या यंत्रात सगळे किरण एकदम घेऊन हलत्या आरशाने त्यांची सरमिसळ करतात आणि गणकयंत्र फूरियेच्या गणिताने ती उलगडते. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी हे गणित जलद करण्याची रीत दिली, आणि १९६९ पासून अशी यंत्रे बाजारात आली. आमच्याकडे ते यंत्र आले ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. पंधरा मिनिटांचे काम एका मिनिटावर आले.

दुसरा बदल अधिक मोलाचा. पत्रा धुऊन धुवण तपासण्याऐवजी किरण थेट पत्र्यावर टाकून परतलेला किरण वाचायचा. पण पातळ थरावर किरण सरळ, काटकोनात टाकला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. धातूवर आदळणारी आणि परतणारी लहर अगदी पृष्ठभागापाशी एकमेकींना खोडून काढतात, म्हणजे तेल जेथे आहे नेमकी तेथेच किरणात जोर नसतो. १९६६ साली रॉबर्ट ग्रीनलर या शास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवले की किरण अगदी तिरपा, पत्र्याला जवळजवळ घासून गेला, तर त्याच्या कंपनाचा पत्र्याशी उभा असलेला भाग खोडला न जाता उलट वाढतो. लादीवर सांडलेले तेल वरून पाहता दिसत नाही, वाकून दाराच्या उजेडाकडे तिरपी नजर टाकली की दिसते. कारण वेगळे असले तरी उपमा लक्षात ठेवायला बरी.

आणि प्रत्येक मोजणीआधी एक नेम असतो: प्रथम पार्श्वभूमी घ्यायची. म्हणजे निर्मळ आरसा ठेवून यंत्रात आधीपासून काय आहे ते नोंदवायचे. खोलीतील वाफ, आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, सगळे काही त्यात उमटते. ते वजा केल्यावर उरेल ते पत्र्याचे. स्वतःचे आधी वजा केले नाही तर आपलाच श्वास आपण पत्र्याच्या माथी मारतो.

हे सारे आम्हांला पाठ होते. तरी १९९१ च्या जानेवारीत आम्ही फसलो.

तेव्हा ॲल्युमिनियमचे पत्रे डिंकाने जोडण्याचे काम होते. धुतलेल्या प्रत्येक घाण्याबरोबर, म्हणजे प्रत्येक खेपेबरोबर, तीन लहान साक्षी-पट्ट्या ठेवीत. पट्ट्या स्वच्छ तर सगळी खेप स्वच्छ. रात्रपाळीला धुलाईचे काम एक नवा आलेला तरुण करीत असे. १९९० आणि १९९१ या दोन वर्षांत सोव्हिएत देशांतून तीन लाखांहून अधिक लोक या देशात आले, त्यांतला एक. तिकडे तो इंजिनियर होता, येथे हौदात पत्रे बुडवीत होता. खिशात सदा सूर्यफुलाच्या बिया, दातांनी फोडून खायचा.

एका सकाळी तीनही पट्ट्यांवर तेल दिसले. १,७४५ ला स्पष्ट दरी! म्हणजे यंत्राचे तेल नव्हे, खाण्याचे. आमच्या मनाने क्षणाचाही विलंब न लावता निकाल दिला: सूर्यफूल. खेप अडवली. तरुणाला घरून बोलावणे पाठवण्याची भाषा सुरू झाली, आणि आम्ही मान डोलावली.

अहवाल लिहायला बसलो तेव्हा मावशी आठवल्या. संशयिताचा नमुना घेतल्याशिवाय लिहायचे नाही! जेवणघरातून सूर्यफुलाचे तेल आणून पट घेतला. सूर्यफूल, तीळ, ऑलिव्ह अशा तेलांत साखळीच्या मध्ये जागोजागी दुहेरी जोड असतात, आणि त्यांची खूण ३,००८ च्या आसपास एका लहानशा खांद्याच्या रूपाने दिसते. नमुन्यात तो खांदा ठळक होता. आमच्या पट्ट्यांवर तो जवळजवळ नव्हताच. बोटांच्या नैसर्गिक तेलकटपणातही दुहेरी जोड असतात, म्हणून तेही नव्हे. ज्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास संतृप्त चरबी आहे, म्हणून तो खांदा दिसेनासा होतो, असे आमच्या ओळखीचे तेल एकच. खोबरेल.

कारखान्यात त्या वेळी खोबरेल वापरणारे कोण होते? मावशी १९८८ सालीच निवृत्त झाल्या होत्या.

मग आठवले. त्या आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींची पाळी पहाटेची होती, म्हणून मुलीची वेणी घालण्याचे काम आमच्याकडे आले होते. डिमोनाची थंडी, खोबरेल बाटलीत थिजलेले. काडीने काढून तळहातांवर चोळून पातळ करायचे आणि मुलीच्या केसांना लावायचे. नंतर हात धुतले होते, पण घाईने, गार पाण्याने. कारखान्यात आल्यावर स्वच्छ हातमोजे चढवले, ते बोटांच्या बाजूने धरून ओढत. म्हणजे मोज्यांच्या बाहेरून खोबरेल लागले. त्याच मोज्यांनी पट्ट्या उचलून यंत्राखाली ठेवल्या. खेप स्वच्छ होती, तरुण निर्दोष होता. तेल तपासनिसाचे होते.

वाचकहो, त्या टेबलाशी आम्ही अर्धा तास बसून होतो. मनात काय काय आले ते लपवण्यात अर्थ नाही. खेप पुन्हा धुवायला पाठवून "कारण अज्ञात" लिहिले असते तर कोणाला कळले नसते. आणि आणखी एक विचार आला, तो अधिक बोचरा. आठ वर्षांपूर्वी आम्ही सिद्ध केले होते की आपल्या माणसांच्या खोबरेलाचा दोष नाही. आता खोबरेलच निघाले, आणि तेही आमचे! जुने हसणारे अजून होते. ते म्हणणार, पाहा, आम्ही सांगत नव्हतो?

शेवटी आम्ही लिहिले: "दूषणाचा उगम: तपासणाऱ्याचे हात. पदार्थ: खोबरेल. खेपेशी संबंध नाही." नवे मोजे, नव्या पट्ट्या, फेरतपासणी झाली. खेप स्वच्छ ठरून पुढे गेली. आमच्या फाइलीत एक ताशेरा आला आणि त्या वर्षीची पगारवाढ चुकली. कोणीतरी हसलेही. पण मोजे मनगटाच्या कडेने धरूनच चढवायचे, बोटांकडे हात लावायचा नाही, हा नियम त्या दिवसापासून भिंतीवर लागला.

त्या तरुणाला त्याच्यावर संशय आला होता हे कळले नाही. आम्हीही सांगितले नाही. सांगायला हवे होते असे आता वाटते. पुढे तो त्याच्या शिक्षणाला साजेशा जागी गेला. जाताना आम्हांला सूर्यफुलाच्या बियांची पुडी देऊन गेला, ती आम्ही कशी घेतली हे आमचे आम्हांला ठाऊक.

संध्याकाळी मावशींच्या घरी गेलो आणि त्यांना सारे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "खोबरेल होतं म्हणून लाज वाटली का रे तुला? लाज वाटायचीच तर दुसऱ्या कशाची वाटू दे." मग आत जाऊन चहा टाकला. मावशी आता नाहीत. त्यांच्या नावाने घरी मलिदा केला की पोह्यांना खोबरे चोळताना ही सारी हकिगत आठवते.

आज हे यंत्र एका हातात मावते. विमानाच्या पंखाशी नेऊन जागच्या जागी तपासणी करता येते, औषधांच्या कारखान्यात धुतलेल्या पोलादी टाक्यांच्या भिंतीही अशा वाचता येतात. जुने द्रावक ओझोनच्या थराला अपायकारक म्हणून १९८७ चा माँट्रियल करार आणि त्यावरील १९९० ची लंडन दुरुस्ती यांनंतर बाद झाले. तरुण वाचकांपैकी कोणी या कामात असेल तर एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: हे किरण सर्वज्ञ नाहीत. ज्या मिठाच्या आपण खिडक्या करतो ते मीठ त्यांना दिसत नाही. घामाचा ठसा उमटला तर त्यातील तेल दिसेल, पण पोलादाला गंज आणणारे मीठ निसटून जाईल. रेघ सपाट आली म्हणजे पत्रा तेलापुरता स्वच्छ, याहून अधिक काही म्हणू नये.

पेसाहसाठी धातूची भांडी उकळत्या पाण्यात बुडवून हगाला करतात, त्यालाही आधी भांडे घासून अगदी निर्मळ असावे लागते. आमच्या कल्हईवाल्याला हगाला ठाऊक नव्हती, पण घासणे ठाऊक होते.

असो. एवढी सगळी गोष्ट आम्ही नातीला सांगितली. तिची आई, म्हणजे त्या वेणीची मालकीण, दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला हे नवेच होते. "बाबा, म्हणजे माझ्या वेणीपायी तुमची पगारवाढ गेली?"

"तुझ्या वेणीपायी नव्हे, आमच्या घाईपायी," आम्ही म्हणालो.

डिमोनात कल्हईवाला कोठला? पण पातेले तरी घासावे म्हणून नातीने चिंच आणि मीठ लावून ते बाहेरून लखलखीत केले. मग नळाखाली तिरपे धरून त्यावर पाणी सोडले आणि नाक अगदी जवळ नेऊन पाहू लागली. चादर सगळीकडे अखंड होती, फक्त काठाजवळ, जेथे तिचा अंगठा धरला होता तेथे, दोन थेंब जमले होते.

"आजोबा," ती म्हणाली, "हे माझंच आहे." आणि तिने पातेले पुन्हा घासायला घेतले.